पश्चिमेच्या भिंतीवरचा पट्टा

पत्र माझ्या अक्षरातलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. सव्वीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात दाखले, अर्ज आणि जावक पत्रं लिहिली. त्यामुळे आमच्या इमारतीत कुणाला सरकारी कागद लिहून हवा असला की तो फुलस्केप घेऊन माझ्या दारात उभा राहायचा. कुंडलिकभाऊही तसेच आले. फक्त ते फुलस्केपबरोबर स्वतःचं पेनसुद्धा घेऊन आले होते, कारण आपल्या कामाला दुसऱ्याची शाई वापरणं त्यांना पटायचं नाही.

कुंडलिक हिवराळे, धंदा रंगाऱ्याचा. मूळचे मेहकरकडचे, एकोणिसाव्या वर्षी मुंबईत आले आणि आल्या आल्या दोरीला लटकले. म्हणजे खरंच लटकले. गच्चीवरून दोन दोर सोडायचे, खाली एक फळी बांधायची, तिच्यावर बसून बाहेरची भिंत रंगवत मजला मजला उतरायचं. त्याला हे लोक झुला म्हणतात. मुलुंड, घाटकोपर, भांडुप या पट्ट्यातल्या किती इमारती या माणसाने वरून खाली बघितल्या असतील याचा हिशेब नाही. एखाद्या टॉवरसमोरून आमची रिक्षा गेली की ते म्हणायचे, ही माझी, पण आतून मी कधी बघितली नाही.

त्यांना एक खोड होती. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत उजवा तळवा भिंतीवर ठेवायचा, दाबायचा आणि उलटा करून बघायचा. तळव्याला पांढरं लागलं की रंग मेला. मग बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचं, आवाज पोकळ आला की मान हलवायची. आमच्या पुतणीच्या लग्नात सगळे जेवणाच्या रांगेत आणि हे महाशय हॉलच्या भिंतीला कान लावून उभे. नवऱ्याकडच्या माणसांना वाटलं, पाहुण्यांचं डोकं फिरलंय. आमचे हे, म्हणजे बाळा परब, मला म्हणाले, "गो, ह्यो माणूस बायकोपेक्षा भिंतीवर जास्त प्रेम करता." सुंदराबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, खरं आहे.

धंद्यात या खोडीने त्यांचं नुकसानच केलं. जुना थर खरवडून पक्का गिलावा लागेपर्यंत ब्रश उचलायचा नाही, हा त्यांचा नेम. ठेकेदाराला घाई असते. पोपड्यांवरून एक हात मारला की फोटो चांगला येतो, पुढच्या पावसाळ्यात रंग पडला तर पडला. कुंडलिकभाऊ म्हणायचे, मेलेल्यावर रंग धरत नाही. मग ठेकेदार दुसरा माणूस बघायचा. चाळीस वर्षं काम करून हे कधी ठेकेदार झाले नाहीत ते यामुळेच, असं माझं मत आहे.

आमची इमारत विक्रोळी पूर्वेला, हायवेच्या पलीकडे, खाडीकडच्या अंगाला. नवजागृती सहकारी गृहनिर्माण संस्था. तळमजला धरून चार मजले, सोळा घरं. बांधली चौऱ्याऐंशी साली, आणि बाहेरून रंग लागला तो एकदाच, आमचा हर्षद पहिलीत होता तेव्हा. पूर्वेकडून खाडीचा खारा वारा आणि पश्चिमेकडून पाऊस, त्यामुळे मूळचा रंग कुठला यावरही दोन मतं होती. पश्चिमेची भिंत तर काळी पडली होती. पाइपांच्या मागे पिंपळाची रोपं होती आणि तिसऱ्या मजल्याखाली एक लांब चीर, तिच्यातून दर पावसाळ्यात पाणी आत यायचं.

ते पाणी जायचं कुंडलिकभाऊंच्या घरात. तिसऱ्या मजल्यावरचा पश्चिमेचा कोपरा त्यांचा. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो कोरड्या भिंतीवर, आणि आतली खोली जूनपासून नोव्हेंबरपर्यंत ओली. सुंदराबाईंनी आयुष्यभर एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या. निवृत्त झाल्यावर बिचाऱ्यांना त्या खोलीत बसून श्वास मोजावा लागला. आधी खोकला, मग दमा, मग कायम हाताशी दम्याचा पंप. डॉक्टरांनी सांगितलं, औषध देतो, पण घरातली बुरशी गेल्याशिवाय उपयोग नाही. बुरशी आतून पुसून जात नव्हती. कुंडलिकभाऊ दर दिवाळीत आतली भिंत खरवडून रंगवायचे आणि पुढच्या श्रावणात ती पुन्हा काळी व्हायची. रोग बाहेरच्या भिंतीत होता आणि ती सोसायटीची.

सोसायटीला तो विषय नको होता. अकरा वर्षं आम्ही रीडेव्हलपमेंट होणार या एका गोष्टीवर जगत होतो. कुठला तरी बिल्डर यायचा, गच्चीवर सामोसे वाटायचा, नकाशे दाखवायचा आणि जायचा. पाडायच्या इमारतीला रंग कशाला, हे सेक्रेटरीचं ठरलेलं वाक्य. सेक्रेटरी म्हणजे आमचाच मुलगा, हर्षद. त्याचंही चूक म्हणता येणार नाही, कारण त्याला त्या नकाशात स्वतःची वेगळी खोली दिसायची.

शेवटी त्या पत्राच्या वर्षी, वार्षिक सभेत कुंडलिकभाऊ उभे राहिले. एरवी ते मागच्या खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत असायचे. म्हणाले, मला फक्त पश्चिमेची बाजू द्या, सामान सोसायटीचं, हात माझे. सासष्ट वर्षांचा माणूस हे म्हणत होता. कुणालाच नाही म्हणवेना. ठराव झाला. मग रंग कोणता यावर तीन सभा गेल्या. तळमजल्याला पिस्ता हवा, दुसऱ्या मजल्याला समोरच्या इमारतीसारखा करडा आणि आमच्या ह्यांना विटकरी, कारण त्यांच्या कुडाळच्या घराला तोच होता. कुंडलिकभाऊ शेड कार्ड घेऊन सगळ्यांचं ऐकत बसले. एकाच बाजूला वेगळा रंग लावता येत नाही, उपविधीत तसं लिहिलंय, असं त्यांनीच शेवटी पान काढून दाखवलं. म्हणून पोपड्यांखाली दिसला तो जुनाच, सायीसारखा रंग ठरला.

इथपर्यंत सगळं बरं होतं. खरं तर ज्या रविवारी रंग ठरला त्याच्या पुढच्या रविवारी बांबू बांधून कामाला लागायचं, असंच सगळे धरून चालले होते. आजूबाजूच्या इमारतींनी तसंच केलं होतं. पण आमची पश्चिमेची भिंत रस्त्याला लागून आहे. परांची बांधायची तर बांबू फूटपाथवर उभे राहणार, आणि फूटपाथ पालिकेचा. कुंडलिकभाऊ म्हणाले, आधी वॉर्ड ऑफिसची परवानगी.

हर्षदने त्यांना समजावलं. "काका, कशाला डोक्याला ताप? दोन आठवड्यांचं काम आहे, कोण विचारतंय?"

कुंडलिकभाऊंनी त्याला घाटकोपरची गोष्ट सांगितली. ती आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ठेकेदाराने परवानगी न घेता, जाळी न लावता परांची उभी केली होती. एक बांबू सुटला आणि खाली भाजी घेऊन बसलेल्या बाईच्या खांद्यावर आला. ठेकेदार पळाला. कागद मागायला पोलीस आले तेव्हा कागदच नव्हता, म्हणून जो हातात ब्रश घेऊन उभा होता त्याला घेऊन गेले. दोन दिवस कुंडलिकभाऊ चौकीत बसले. बाई जगली, पण तिचा तो हात पुन्हा वर गेला नाही. पुढे कित्येक महिने ते तिच्याकडून भाजी घेत होते आणि ती डाव्या हाताने वजन करायची.

एवढं सांगून ते म्हणाले, "नियम आपल्यासाठीच लिहिलेले असतात. आपणच ते पाळायचे नाहीत तर मग आपण कुणाकडे दाद मागायची?"

मला ते पटलं, आणि अजूनही पटतं, हीच तर माझी पंचाईत आहे. मी फुलस्केप पुढे ओढला. ते म्हणाले, वहिनी, खरं ते लिहा. भिंतीचा गिलावा जागोजागी सुटलाय, आधी तो पाडावा लागेल, खालून जाणाऱ्यांना माहीत असायला हवं, असं लिहा. मी लिहिलं. पण मी जन्माची कारकून. अर्ज नुसताच साधा असला तर तो फायलीत तळाला जातो, हे मला माहीत. म्हणून वजन यावं यासाठी मी माझ्या मनाने एक ओळ घातली, की सदर इमारत सन १९८४ मध्ये बांधलेली असून तिच्या बाह्य भिंती अत्यंत जीर्ण झाल्या आहेत. वाचून दाखवल्यावर ते खूश झाले. बरोबर लिहिलंत, म्हणाले, आणि आपल्या पेनाने सही केली.

परवानगी येईपर्यंत हात कसे गप्प बसणार. जमिनीवर उभं राहून जेवढं होतं तेवढं करायला परवानगी लागत नाही, असं म्हणून त्यांनी गेटच्या उजव्या अंगाला एक नमुना करायला घेतला. साधारण पुरुषभर उंच आणि दोन हात पसरले की मावेल एवढा पट्टा. त्याला त्यांनी नऊ दिवस लावले. आधी पट्टीने खरवडून सगळा मेलेला थर काढला, मग तारेच्या ब्रशने घासलं, पाण्याने धुतलं आणि दोन दिवस नुसतं वाळू दिलं. चिरा उकरून भरल्या, लांबी म्हणजे पुट्टी लावली, घासली, प्राइमर मारला, परत थांबले. मग रंगाचे दोन हात. येणारे जाणारे टोमणे मारायचे, या वेगाने गच्चीपर्यंत तुमचा नातू पोचेल. ते मान न वळवता म्हणायचे, पोचला तर पोचला.

पण तो पट्टा झाला तेव्हा आम्ही सगळे बघत राहिलो. त्या काळ्या, फुगलेल्या भिंतीत तेवढा एक तुकडा नवा दिसत होता. लोक येऊन हात फिरवायला लागले. सुंदराबाई कित्येक महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या. त्या दिवशी एकेका मजल्यावर दम घेत उतरल्या, आणि कुणी तरी खुर्ची आणून दिली ती पट्ट्यासमोर टाकून बसल्या. कुंडलिकभाऊंनी तळवा भिंतीवर दाबला, उलटा केला आणि त्यांना दाखवला. काही लागलं नव्हतं. वरच्या खोलीपर्यंत असं झालं की तुझा पंप बंद, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

मार्चमध्ये पालिकेची इंजिनीअर आली. तरुण मुलगी, डोक्यावर हेल्मेट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत माझं पत्र. तिने भिंत बघितली, वर बघितलं, तिसऱ्या मजल्याखालच्या चिरेकडे बराच वेळ बघितलं. मग स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागितला. तीस वर्षांवरच्या इमारतीला तो लागतोच. आमच्याकडे नव्हता. हर्षद म्हणाला, पाडायचीच आहे म्हणून केला नाही.

ती कुंडलिकभाऊंकडे वळली. "काका, रंगाला माझी ना नाही. पण ज्या इमारतीचं ऑडिटच नाही तिच्यावर माणसं चढवायला मी सही कशी करू?"

"बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले.

तिचा मला राग आला होता, पण तो आता उरलेला नाही. तिने उलट तिथे उभ्या उभ्या कोणाला बोलवायचं, किती दिवसांत रिपोर्ट द्यायचा, सगळं नीट समजावून सांगितलं. चुकीचं असं ती काहीच बोलली नाही.

ऑडिटवाले एप्रिलमध्ये आले, तिघे जण, हातात छोटे हातोडे. आणि इथे कुंडलिकभाऊंनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. ते त्यांच्याबरोबर फिरले. ही माणसं ठोकून आवाज ऐकतात, हे बघून त्यांना आपल्या जातीचे भेटल्यासारखं झालं. चाळीस वर्षं लोक त्यांच्या ठोकण्याला हसले होते, आणि हे तिघे शिकलेले लोक गंभीर तोंडाने तेच करत होते. मग यांना राहवेना. इकडे ठोका, असं म्हणत त्यांनी एकेक जागा दाखवली. जिन्याखालचा खांब, पाण्याच्या टाकीखालची तुळई, आपल्या स्वतःच्या आतल्या खोलीचा कोपरा. तिथे गिलावा काढल्यावर आतली सळई बाहेर आली. बोटाने दाबली तर तिचे पापुद्रे पडत होते. त्यातला मोठा इंजिनीअर त्यांना म्हणाला, काका, तुमचा हात चांगला आहे. ते आम्हाला सांगताना कुंडलिकभाऊंचा चेहरा खुलला होता. मी तेव्हाच घाबरले होते, पण त्यांच्याकडे बघून बोलवेना.

रिपोर्ट आला, सी-वन. म्हणजे अतिधोकादायक, दुरुस्तीच्या पलीकडे, ताबडतोब रिकामी करा. पाठोपाठ नोटीस. मेअखेरीस पाणी आणि वीज तोडणार, त्याआधी सोळाही घरांनी बाहेर पडायचं. कुठे जायचं ते ज्याचं त्याने बघायचं. बिल्डर ठरलेला नव्हता, त्यामुळे भाडं देणारं कुणी नव्हतं.

त्या आठवड्यात आमच्या जिन्यात जे बोललं गेलं ते सगळं मी लिहिणार नाही. थोडक्यात, गप्प रंग मारला असता तर आणखी दहा वर्षं निघाली असती, हे सगळ्यांचं म्हणणं. हर्षद तर त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता. तळमजल्यावरच्या पिस्ता रंगवाल्या बाईंनी आपल्या दारातून त्यांना जायला बंदी केली, म्हणजे जिना सोडून त्यांनी कुठून जायचं ते त्या बाईंनाच ठाऊक. माझं नाव मात्र कुणी घेतलं नाही. पत्रावर सही त्यांची होती.

आमच्या ह्यांनी तर त्यांना गेटवर अडवलं. तीस वर्षं रोज एकत्र चहा पिणारी माणसं. "कुंडलिका, तुझ्या एका कागदान सोळा घरांची वाट लावल्यान."

कुंडलिकभाऊ म्हणाले, "भिंत पोकळ होती, बाळाभाऊ. मी नाही केली पोकळ."

"माका ठावक हा. पण माका ता कळूक नको होता."

मी वरून ऐकत होते. तेव्हा खाली जाऊन सांगायला हवं होतं, की ते वर्ष आणि ती ओळ माझी. नुसत्या बांबूच्या अर्जाला कुणी इतकं मनावर घेतलं नसतं, कदाचित. मी गेले नाही. मी भांडी कागदात गुंडाळत बसले. लाज वाटली, पण भीती जास्त वाटली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात गेटवर दोन टेम्पो उभे होते, एक आमचा आणि एक हिवराळ्यांचा. आम्हाला दोन गल्ल्या सोडून भाड्याने खोली मिळाली होती. ते टिटवाळ्याला चालले होते, मुलगा विशाल तिथे राहतो. तो एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. सुंदराबाई टेम्पोत पुढे बसल्या होत्या, मांडीवर दोन्ही फोटो, कापडात बांधलेले. तेवढ्यात पालिकेचा माणूस आला. दशरथ त्याचं नाव, हातात लाल रंगाचा डबा आणि एक ब्रश. इमारतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लिहायची आणि फोटो काढून पाठवायचा, एवढं त्याचं काम.

त्याने गेटच्या डाव्या बाजूला सुरुवात केली. ब्रश ओढला की भिंतीची भुकटी ब्रशाला चिकटून येई. पहिलं अक्षर लिहून होईपर्यंत त्याची वरची रेघ पोपड्यासकट खाली पडली. त्याने जरा पुढे जाऊन पाहिलं, तिथेही तेच. ऊन मी म्हणत होतं. तो वैतागून कुणाला तरी फोन लावत होता, की साहेब, भिंतीवर काही टिकतच नाही.

कुंडलिकभाऊ टेम्पोच्या दोऱ्या आवळत होते. त्यांनी त्या माणसाकडे दोन-तीनदा बघितलं. मी मनात म्हणत होते, नका बघू, बसा टेम्पोत. पण त्यांनी दोरी सोडली आणि ते त्याच्याकडे गेले.

"इथे नाही धरणार. इकडे ये."

त्याला ते आपल्या पट्ट्यासमोर घेऊन गेले. त्याने हात फिरवून बघितलं आणि विचारलं, ही भिंत कुणी केली. ते म्हणाले, मी. मग त्याच्या डब्यात बघून म्हणाले, टर्पेंटाइन जास्त झालंय, ओघळेल, आणखी घालू नको. त्याला रेघ सरळ येईना तेव्हा आपल्या खिशातली सुतळी काढून भिंतीवर धरली. एक टोक यांच्या हातात, दुसरं त्याच्या डाव्या हातात. अशी ती अक्षरं लिहिली गेली. अतिधोकादायक इमारत. आत राहू नये.

सुंदराबाई काचेतून बघत होत्या. विशालने टेम्पोतून उडी मारली आणि ओरडला, बाबा, तुम्हाला काही कळतं का? त्यांनी सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. म्हणाले, त्याला काम होतं, ते नीट व्हायला नको? आणि टेम्पोत बसले.

टिटवाळ्याला मी एकदाच गेले, दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, सुंदराबाई वारल्यावर. तळमजल्यावरची खोली, मागे उघडं गटार, भिंत कमरेपर्यंत ओली. कुंडलिकभाऊंसारखा माणूस घरात असून भिंत अशी, हे मला समजेना. मग विशालने सांगितलं. भाड्याच्या करारात एक कलम आहे, भाडेकरूने भिंतीला खिळा, रंग, काही करायचं नाही. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, बघू. कुंडलिकभाऊ रोज विचारायचे आणि तो रोज बघू म्हणायचा. त्याच्या परवानगीशिवाय यांनी पट्टी लावली नाही. विशाल म्हणाला, मी चोरून करू म्हटलं तर मलाही करू दिलं नाही. त्यांनी एवढंच केलं होतं, की सुंदराबाईंची खाट खोलीच्या बरोबर मधोमध घेतली होती, चारही भिंतींपासून सारख्या अंतरावर. खाट अजून तिथेच होती. आम्ही सगळे तिच्याभोवतीने चालत होतो.

त्या दिवशीही मला पत्राचं बोलायचं होतं. पण अशा वेळी आपलं ओझं उतरवून घ्यायला गेल्यासारखं वाटलं असतं. मी तशीच परत आले.

इमारत अजून उभी आहे. दोन गटांनी दोन बिल्डर आणले, कोर्टात तारखा पडतायत, आणि आमचे हे दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जातात. पिंपळ आता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरलाय. तिसऱ्या मजल्यावरचा पश्चिमेचा कोपरा गेल्या पावसात खाली आला. रात्रीचा आला म्हणून रस्त्यावर कुणी नव्हतं. म्हणजे इंजिनीअर खरं तेच बोलली होती, आणि कुंडलिकभाऊंनीही खरं तेच दाखवलं होतं. आम्ही सोळा घरांनी त्याबद्दल त्यांना एकदा फोन करायला हवा होता. कुणी केला नाही.

गेल्या दसऱ्याला ते स्वतःच आले. चैत्यभूमीला जाऊन आले होते, अंगात पांढरा सदरा, हातात पिशवी. मी भाजी घेऊन परतत होते आणि ते गेटपाशी उभे दिसले. वाळले होते. कोपरा पडल्याचं त्यांना विशालने मोबाइलवर दाखवलं होतं, तरी त्यांनी वर बघायचं टाळलं नाही. आपली आतली खोली होती तिथे आता आभाळ दिसत होतं, ते त्यांनी नीट बघून घेतलं.

मग ते पट्ट्यासमोर गेले. सबंध भिंत झडून विटा दिसायला लागल्या आहेत, पण तो पट्टा तसाच. रंगाला चीर नाही, आणि लाल अक्षरं काल लिहिल्यासारखी. त्यांनी उजवा तळवा 'राहू नये' वर ठेवला, दाबला आणि उलटा करून मला दाखवला. स्वच्छ होता.

"अजून पंधरा वर्षं तरी याला काही होत नाही, वहिनी."

मी त्यांना घरी चहाला चला म्हटलं. ते म्हणाले, बाळाभाऊ घरी असतील ना. मी म्हटलं, आहेत. मग राहू द्या, म्हणाले. पत्राची ओळ माझ्या ओठांवर आली होती. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि बसस्टॉपकडे चालू लागले. मी भाजी घेऊन तिथेच उभी राहिले, आणि तेवढ्यात त्यांची बस आली.